वाचन आणि वर्तन

साहित्याच्या विद्यार्थ्याला आवडती पुस्तके विचारावीत आणि त्यावरून त्याच्या मनाची पारख करावी, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. स्थळ पाहायला गेलेली वडीलधारी मंडळीसुद्धा, मुलगा एम.ए.ला साहित्य घेऊन बसला आहे असे कळले की 'काय काय वाचता?' म्हणून चौकशी करतात, आणि उत्तरात शेक्सपिअर, टॉलस्टॉय, हरिभाऊ आपटे अशी नावे आली की समाधानाने मान डोलावतात. असा मुलगा बायकोशी नीट वागेल, म्हाताऱ्या माणसांना सांभाळील, गरिबाला तुच्छ लेखणार नाही, हे त्या मान डोलावण्यात गृहीत असते. समजूत वाईट नाही. हैम समुएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली तीही अशाच काही विश्वासावर. पण ह्या समजुतीची खरी परीक्षा एका परक्या देशात झाली, आणि तिचा निकाल आपण ज्यू लोकांनी तरी विसरून चालणार नाही.

तो देश म्हणजे जर्मनी. विद्येच्या बाबतीत आपल्या मराठी घरांतून त्या देशाविषयी केवढा आदर होता! कालिदासाचे शाकुंतल १७९१ साली जर्मन भाषेत गेले आणि महाकवी गटे त्यावर लुब्ध झाला, ही गोष्ट आपल्याकडच्या संस्कृतच्या मास्तरांनी वर्गावर्गांतून सांगितली. (शाकुंतल डोक्यावर घेऊन गटे नाचला, ही मात्र मास्तरांची स्वतःची भर असावी.) बॉनच्या विद्यापीठात १८१८ साली संस्कृतचे अध्यासन निघाले. माक्स म्युलरला तर आपण 'मोक्षमुल्लर' असे नाव देऊन घरचाच करून टाकले. जेथे खेड्यातल्या शाळेतही शिलरच्या कविता पाठ होत, अशा त्या देशात ज्ञानाची वाण नव्हती.

त्या देशातल्या साहित्याच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट पाहू. ऱ्हाइन नदीच्या बाजूच्या एका गावात, साध्या कॅथलिक घरात तो १८९७ साली जन्मला. एक पाय अधू. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकवले. बॉन, फ्रायबुर्ग, म्युनिक अशी विद्यापीठे फिरत तो हायडेलबर्गला आला. वाचनाचे वेड दांडगे. दोस्तोयव्हस्की विशेष आवडीचा. फ्रीड्रिख गुंडोल्फ ह्या त्या काळच्या नामांकित पंडिताच्या हाताखाली प्रबंध लिहावा असे त्याच्या मनात होते. ते जमले नाही, तेव्हा माक्स फॉन वाल्डबर्ग ह्या प्राध्यापकांकडे त्याने एका विस्मृत नाटककारावर प्रबंध लिहिला आणि १९२१ साली तो परीक्षा उतरला. गुंडोल्फ ज्यू होते. वाल्डबर्गही ज्यू कुळातले. ह्या दोघांविषयी त्या विद्यार्थ्याच्या मनात तेव्हा आदरच होता. पुढे आयुष्यभर तो आपल्या नावामागे 'डॉक्टर' ही पदवी अगत्याने लावीत असे.

हा विद्यार्थी म्हणजे योझेफ गोबेल्स. हिटलरचा प्रचारमंत्री. आमच्या लोकांच्या संहारासाठी ज्याने एका सुशिक्षित राष्ट्राची मने तयार केली, तो.

१० मे १९३३ च्या रात्री बर्लिनच्या ऑपेराजवळच्या चौकात, विद्यापीठाच्या अगदी समोर, सुमारे वीस हजार पुस्तके जाळण्यात आली. ही होळी गुंडांनी पेटवली नव्हती. जर्मन विद्यार्थ्यांच्या संघटनेने ती योजली होती, आणि तशीच ती इतर अनेक विद्यापीठांच्या गावीही पेटली. काही ठिकाणी जर्मन साहित्याच्या प्राध्यापकांनी पुढे होऊन भाषणे केली. एकेका लेखकाचे नाव पुकारायचे, त्याचा अपराध सांगायचा आणि पुस्तक आगीत टाकायचे, असा विधी होता. मार्क्स, फ्रॉइड, रेमार्क ही नावे त्यात होती, आणि एरिख केस्टनर हेही. मध्यरात्रीच्या सुमारास डॉक्टर गोबेल्स बोलायला उभे राहिले.

त्या गर्दीत केस्टनर स्वतः उभा होता! आपली पुस्तके जळताना पाहायला तो आला होता. कोणा बाईने त्याला ओळखून मोठ्याने नाव घेतले, तेव्हा तो तेथून निघून गेला. हा केस्टनरही साहित्याचाच विद्यार्थी. लाइपझिगला १९२५ साली त्याने डॉक्टरेट मिळवली होती. म्हणजे त्या रात्री एकाच चौकात जर्मन साहित्याचे दोन डॉक्टर हजर होते. दोघांनी तेच ग्रंथ वाचलेले, तशाच परीक्षा दिलेल्या. एक व्यासपीठावर, दुसरा गर्दीत टोपी पुढे ओढून उभा राहावा तसा.

मग वाचनाने काय केले?

आमच्या ताल्मुदात ह्या प्रश्नाचा एक जुना खल आहे. लोद गावी एका घराच्या माडीवर हखाम मंडळी जमली असता प्रश्न निघाला, अभ्यास मोठा की आचरण मोठे? रब्बी तारफोन म्हणाले, आचरण. रब्बी अकिवा म्हणाले, अभ्यास. शेवटी सर्वांनी मिळून कौल दिला तो अभ्यासाच्या बाजूने, आणि कारण दिले की अभ्यास माणसाला आचरणाकडे नेतो. ह्या निकालाकडे नीट पाहावे. अभ्यासाला मोठेपण दिले खरे, पण ते उसने. आचरण आले नाही तर ते परत घ्यावे लागेल, अशा अटीवर दिलेले. यावर कोणी म्हणतात, ज्या अभ्यासातून आचरण निघाले नाही तो अभ्यासच नव्हे. गोबेल्सने खरे वाचलेच नव्हते. आम्हाला हे उत्तर पटत नाही. ही शब्दांची कसरत झाली. औषध लागू पडले नाही की रोग्याने ते नीट घेतलेच नव्हते म्हणायचे, तशातला हा प्रकार. गोबेल्सने खूप वाचले होते आणि त्यातले त्याला चांगले समजलेही होते. कोणत्या शब्दाने माणूस हलतो हे ज्याला कळते, तोच माणसांना इतक्या दूर लोटीत नेऊ शकतो.

शब्दांची ही बाजू व्हिक्टर क्लेम्पेरर ह्या गृहस्थांनी जितकी बारकाईने टिपली तितकी दुसऱ्या कोणी क्वचितच. रब्बीचे चिरंजीव, धर्मांतर केलेले, ड्रेस्डेनला फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक. १९३५ साली त्यांची नोकरी गेली, पुढे ग्रंथालयाची दारेही बंद झाली. पुस्तके गेली तेव्हा ते भोवतालची भाषाच वाचू लागले. वर्तमानपत्र, रेडिओ, मृत्यूची जाहिरात, दुकानदाराचे बोलणे. 'माथेफिरू' ह्या अर्थाचा जर्मन शब्द पूर्वी निंदेचा होता, तो नाझींच्या काळात स्तुतीचा झाला, अशा नोंदी त्यांनी जीव धोक्यात घालून ठेवल्या आणि १९४७ साली त्यांचे पुस्तक केले. समाजातला अन्याय पहिल्यांदा शब्दांत शिरतो, कायद्यात नंतर येतो, हे त्यांच्याकडून शिकावे. आपल्याकडे तरी काय होते? 'शनिवार तेली' हे नाव कोकणात आपल्याला लोकांनी दिले, त्यात दुष्टावा नव्हता. पण आपण आपल्यातच 'गोरे' आणि 'काळे' हे दोन शब्द वापरून काय केले? एकाच तोराला नमस्कार करणारी माणसे एकमेकांच्या घरी मुलगी देईनात. इस्राएलात तर ग्रंथ पाठ असलेल्या विद्वानांनीच १९६२ च्या सुमारास आपल्या लोकांच्या लग्नांपूर्वी पिढ्यांची चौकशी मांडली, आणि १९६४ साली आपल्या माणसांनी रस्त्यावर येऊन आंदोलन केले तेव्हा कोठे संसदेने बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असा ठराव केला. ग्रंथ तेथेही होते. म्हणून जर्मनांकडे बोट दाखवताना आम्ही जरा जपून दाखवतो.

वाचन निरुपयोगी आहे काय, तर तसेही नाही. निरुपयोगी असते तर जुलमी माणसे त्याला इतकी भ्यालीच नसती. १९३४ साली शिलरची एकशे पंचाहत्तरावी जयंती नाझींनी थाटामाटाने साजरी केली. त्याच शिलरचे 'विल्हेल्म टेल' हे नाटक १९४१ साली हिटलरने रंगभूमीवरून आणि शाळांतून काढून टाकले, कारण त्यात जुलमी अधिकाऱ्याचा वध होतो. लेसिंगच्या 'नाथान द ज्ञानी' ह्या नाटकात एक शहाणा ज्यू व्यापारी नायक आहे. ते १९३३ नंतर जर्मन रंगभूमीवरून नाहीसे झाले. ज्यू कलावंतांच्या संस्थेने मात्र त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आपले पहिले नाटक म्हणून तेच केले. म्युनिकच्या विद्यार्थ्यांनी १९४२ साली 'पांढरा गुलाब' ह्या नावाने गुप्त पत्रके काढली, त्यांत गटे आणि शिलर यांचेच उतारे होते. त्या मुलांपैकी हान्स आणि सोफी शोल ह्या भावंडांचा २२ फेब्रुवारी १९४३ रोजी शिरच्छेद झाला. पुस्तके तीच होती.

आपल्या पुण्याच्या इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या, त्यांचे उदाहरण येथे आठवते. विषय साहित्य नव्हता, मानवशास्त्र होता. गुरू ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेचे मोठे पुरस्कर्ते. गोऱ्या वंशाची कवटी वेगळ्या घडणीची असते आणि त्यात त्याच्या बुद्धीचे मोठेपण दिसते, असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्याच्याशी संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहून दिले. परदेशातली एकटी विद्यार्थिनी, आणि पदवी त्याच गुरूच्या हाती! पुढे त्यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या पूज्य माणसांना जे सरळ प्रश्न विचारले, त्याची सवय ह्या कवट्यांपासून लागली असावी असे आम्हाला वाटते. समोर आहे ते वाचायचे, आपल्याला हवे ते नव्हे. वाचन आणि वर्तन यांमधला सांधा कोठे असेल तर तो येथे असावा. गोबेल्सने तरुणपणी एक कादंबरी लिहिली, तिचा नायक म्हणजे बहुतांशी तो स्वतःच. प्रत्येक पुस्तकात ज्याला आपलाच चेहरा दिसतो, त्याने हजार पुस्तके वाचली तरी तो एकटाच राहतो.

इथवर येऊन मन थोडे स्वस्थ होते, तोच मार्सेल राइश-रानिकी यांचे चरित्र पुन्हा घोटाळ्यात टाकते. पोलंडात जन्मलेला, नवव्या वर्षी बर्लिनला आलेला हा ज्यू मुलगा शिलर, हाइने, टोमास मान यांच्या वाचनात बुडून गेला. १९३८ साली शालान्त परीक्षा देऊन त्याने बर्लिन विद्यापीठात अर्ज केला. ज्यू म्हणून तो नाकारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोलिसांनी त्याला घरातून उचलून पोलंडच्या सरहद्दीपार केले. बरोबर एक बाल्झाकची कादंबरी आणि एक जादा हातरुमाल. पुढे वॉर्साचा घेट्टो. आईबाप ट्रेब्लिंकाला गेले. १९४३ च्या सुरुवातीस तो आणि त्याची बायको तेओफिला तेथून निसटली आणि शहराबाहेर बोलेक नावाच्या एका माणसाच्या घरी लपून राहिली.

बोलेक छापखान्यात खिळे जुळवणारा, तेव्हा बेकार, पिणाराही. बायको गेनिया. घरात खायची भ्रांत. ज्यू माणसाला आसरा दिला तर सगळ्या घराला मरणाची शिक्षा. रात्री दिवा बंद झाला की राइश-रानिकी त्यांना गोष्टी सांगत: हॅम्लेट, लिअर राजा, गटेचा वेर्थर, शिलरची नाटके. लेखकाचे नाव बोलेकच्या कामाचे नव्हते. पुढे काय झाले एवढेच त्याला हवे असे. गोष्ट रंगली की पाव जरा मोठा मिळे, वर गाजरेही. आपल्याकडे १८८० पासून मराठी कीर्तने सुरू झाली ती ऐकायला मांडी घालून बसणारे आमचे आजे-पणजे ह्या बोलेकला सहज जागा करून देते.

ह्यांतले ग्रंथ बोलेकने वाचले नव्हते. गोबेल्सने वाचले होते. बोलेकने त्या दोघांना पंधरा महिन्यांहून अधिक काळ सांभाळले, तेही पहिली गोष्ट ऐकण्याच्या आधीपासून. तेव्हा माणुसकीसाठी वाचन लागतेच असे म्हणायची सोय उरत नाही, आणि ते पुरते असेही म्हणता येत नाही. मग आमच्या मुलांना आम्ही पुस्तके का द्यावीत? आम्हाला एकच कारण प्रामाणिकपणे देता येते. त्या घरात भाकरी बोलेकची होती. राइश-रानिकींजवळ देण्यासारखे दुसरे काही नव्हते, आणि ते जे देऊ शकले ते त्यांनी कधीकाळी आवडीने वाचलेले होते म्हणून. हाइनेने तोराला ज्यू लोकांची सोबत नेता येणारी मायभूमी मानले. ती सरहद्दीवर कोणाला जप्त करता आली नाही.

युद्धानंतर राइश-रानिकी जर्मनीत परतले आणि त्या देशातले सर्वांत नाव कमावलेले टीकाकार झाले. ज्या विद्यापीठाने १९३८ साली अर्ज नाकारला होता, त्याने २००७ साली त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. २०१३ साली ते वारले. पुस्तके जळली त्या चौकात १९९५ पासून मीखा उलमान ह्या इस्राएली शिल्पकाराने केलेली जमिनीखालची खोली आहे. काचेतून खाली पाहिले की वीस हजार पुस्तके मावतील अशी पांढरी रिकामी फडताळे दिसतात. समोरच्या विद्यापीठातली मुले तिच्यावरून चालत जातात.

घेट्टोत असताना, १९४१ साली, राइश-रानिकींचा एकविसावा वाढदिवस आला. केस्टनरच्या कवितांचा एक संग्रह त्यांना फार आवडे, पण तो विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तेओफिलाने कोणाकडून तो मागून आणला, त्यातल्या कविता स्वतःच्या अक्षरात उतरवल्या, चित्रे काढली आणि वही शिवून त्यांना भेट दिली. ती वही वाचली. १९५७ साली म्युनिकला राइश-रानिकी केस्टनरला भेटले तेव्हा ती त्यांनी त्याच्या पुढे ठेवली. केस्टनर हा उपरोधाने लिहिणारा माणूस, भाबडेपणाची त्याला चीड. त्याने पाने उलटली, आणि त्याचे डोळे भरून आले.