ओसाड परसातील धामण

जी जागा आपण स्वतः काही काळ सोडून गेलो, तीत दुसरा एखादा जीव येऊन राहिला, तर परत आल्यावर त्यास ठार मारण्याचा हक्क आपणांस आहे काय? प्रश्न लहानसा दिसतो. परंतु आपल्या खेड्यांत तो दरसाल उत्पन्न होतो.

बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी घरी येतात. तोपर्यंत परसातील दोडक्याचा मांडव कोसळलेला असतो, वांगी वाळून गेलेली असतात, आघाडा व गाजरगवत कमरेइतके माजलेले असते. ही ओसाडी आळसाची नव्हे. ती पोटासाठी घडलेली आहे, म्हणून तिजबद्दल कोणास दोष देणे योग्य नव्हे. घरची बाई विळा घेऊन सफाईस लागते, तो सरपणाच्या ढिगाखालून सहा फूट लांबीची धामण सळसळत बाहेर पडते. ओरडा होतो, काठ्या येतात, आणि घटकाभरात तो जीव ठेचला जातो.

आता ती तेथे का आली, ह्याचा विचार करा. घर बंद झाले, गवत वाढले, दडावयास जागा झाली, तेव्हा उंदीर व घुशी आल्या. त्यांच्या मागोमाग त्यांस खाणारी धामण आली. म्हणजे धामण हे ओसाडीचे कारण नव्हे, तर तिचा परिणाम होय. तिला मारले तरी उंदीर जागच्या जागीच राहतात, आणि पुढे बियाणे व कणगी तेच फोडतात. धामणीस विष नाही. ती नागाची मादी आहे, ती गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीच्या फटकाऱ्याने माणूस मरतो, ह्या सर्व गोष्टी खोट्या आहेत. धामणींत नर व मादी दोन्ही असतात. आणि दूध ओढून पिता येईल अशी सर्पाच्या तोंडाची घडणच नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, अंगणात लेकरू खेळत असता आम्ही सर्पाची जात विचारीत बसावे काय?” हा आक्षेप खरा आहे. इ. स. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मरण पावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्यांचे भय बाळगणे हा मूर्खपणा नव्हे. आईचे पहिले कर्तव्य लेकराकडेच आहे. परंतु ते कर्तव्य लेकरू उचलून दूर नेल्याने पुरे होते. जो मारावयास धावतो तो सर्पाच्या जवळ जातो. जो मागे सरतो तो स्वतः वाचतो व सर्पासही वाट देतो. भय आपणांस रक्षणाचा अधिकार देते. ओळख नसलेल्यास शिक्षा करण्याचा देत नाही.

कित्येक जण एदेन बागेची गोष्ट पुढे करतात. त्या गोष्टीत शाप आहे हे खरे. पण दिसेल तो सर्प मारावा अशी आज्ञा माणसास तीत कोठेही नाही. माणसास बागेची मशागत व राखण सोपविली होती, हे मात्र त्याच गोष्टीत आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीस मारणे गुन्हा ठरविले आहे. तथापि शिक्षेच्या भयाने आवरलेला हात कोणी पाहत नसता पुन्हा उठतो. विवेकाने आवरलेला उठत नाही.

परस आपले आहे, व ते पुन्हा लावण्याचा आपला हक्क निर्विवाद आहे. मात्र धन्याने आधी पाहावे व मग हात चालवावा. सफाई दिवसाउजेडी करावी. पायांत जोडा असावा. ढिगात हात न घालता लांब काठीने तो हलवावा. एका बाजूने साफ करीत जावे, म्हणजे आत असलेल्या जीवास दुसऱ्या बाजूने निघून जाता येते. सर्प घरात शिरल्यास जाणत्या सर्पमित्रास किंवा वनखात्यास बोलवावे. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तत्काळ सरकारी दवाखाना गाठावा.

उपदेशक बंधूंनी ऊसतोडीहून मंडळी परतण्याच्या दिवसांत ह्या गोष्टी घरोघर सांगाव्या. आपल्या गैरहजेरीत ज्याने आपले उंदीर राखले, त्यास निदान जिवंत निरोप देणे, एवढे तर आपल्या हाती आहे.