न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का?

अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ १९२६ सालची. इतक्या जुन्या कादंबरीचं गुपित फोडायला हरकत नसावी: गोष्ट सांगणारा डॉक्टर शेपर्ड हाच खुनी. वाचकाशी तो खोटं बोलत नाही, मधली काही मिनिटं फक्त गाळतो. कादंबरीचं बळ त्यातच आहे. आपण सांगितलेलं ऐकतो, गाळलेलं आपल्या लक्षातच येत नाही, हे ती दाखवून देते.

उणीवही मला तिथंच दिसते. तिच्यात जो लपवतो तो गुन्हेगार, आणि गुपित फुटलं की गोष्ट संपली. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले सहा जिल्हे आले, त्यांत आमचा बुलढाणाही होता. इथं बाप फोनवर म्हणतो, “सोयाबीन बरं आहे, तब्येत बरी आहे.” एकही शब्द खोटा नसतो. सावकाराचा आकडा तेवढा राहून जातो. शेपर्ड स्वतःला वाचवायला गाळतो, बाप पोराला काळजीतून वाचवायला. याला मी खोटं म्हणणार नाही; पण ते ओझं बाप एकटाच वाहतो, म्हणून बरोबरही म्हणवत नाही. रहस्यकथा वाचून संशय घेता येतो. इथं संशय कामाचा नाही, फोन ठेवायच्या आधी विचारावं लागतं: “बाबा, कर्ज किती राहिलंय?”