भुताचा पत्ता

भुताखेताच्या, रहस्याच्या, अंगावर काटा आणणाऱ्या कादंबऱ्या आपल्या माणसानं लिहाव्यात का? आपल्यातली लिहिती पोरं हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. कारण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून भूत कधीच बाद झालं. तेव्हा काहींचं म्हणणं असं, की हडळ न् वेताळ कागदावर आणणं म्हणजे देवऋष्याला मागल्या दारानं घरात घेणं. दुसरे म्हणतात, सोडा राव, निव्वळ करमणूक आहे. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. आधी हे बघू, की असं लिहिणाऱ्याला सुचतं कुठून.

या प्रांतातलं मराठीतलं मोठं नाव नारायण धारप (१९२५–२००८). पुण्याचे, रसायनशास्त्र शिकलेले. त्यांची पुस्तकं भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरली. त्यांची प्रेरणा बरीचशी साता समुद्रांपलीकडची. 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली. रक्त पिणारं भूत अमेरिकेतल्या गावातून उठलं आणि मराठी वाचकाच्या उशाशी येऊन बसलं. उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही. भीतीला पासपोर्ट लागत नाही. पण परदेशी भूत आणा नाहीतर देशी, त्याला राहायला जागा द्यावी लागते. ती जागा कुठली?

कुठलीही मराठी भयकथा आठवा. गावातले दिवे मागं पडतात. शीव लागते. ओढा, म्हसणवट, एखादा जुनाट पिंपळ, अवसेची रात. नायकाला दरदरून घाम फुटतो. दोस्तहो, हा पत्ता ओळखीचा वाटत नाही? गावकुसाबाहेर! हा तर आपलाच पत्ता.

हे आपोआप झालेलं नाही. गावाला ज्याचं भय वाटलं ते ते गावानं शिवेबाहेर ढकललं. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार न्यायचा. मेलेलं ढोर बाहेर, मढं बाहेर, भूत बाहेर. आणि या सगळ्याची उस्तवार करायला महार-मांगही बाहेर. सरणाची लाकडं आपण फोडायची, मढ्यावरचं कापड आपला हक्क, रातचा पहारा आपला. कादंबरीतल्या नायकाची ज्या वाटेवर बोबडी वळते त्याच वाटेनं आपला आजा मर्तिकाचा सांगावा घेऊन परगावी जायचा. त्याला भुताचं भ्या नव्हतं असं नाही. होतं की! आपल्याही वस्तीत अंगारे-धुपारे होते, अंगात येणं होतं. पण सांगावा पोचला नाही तर पाटलाचं भ्या त्याहून मोठं होतं. कोल्हापूर संस्थानात १९१८ साली शाहू महाराजांनी महार वतन मोडलं, तेव्हा एका हुकमानं कितीतरी माणसांची रात मोकळी झाली. कुठल्या मांत्रिकाला हे जमलं होतं?

आणि भुतांनाही जात आहे हो. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला बामणाचा पोर. २०२४ साली त्याच्यावर हिंदी सिनेमा निघाला आणि चालला. ब्रह्मसमंध तर नावातच जात घेऊन फिरतो. म्हणजे मेल्यावरसुद्धा जात सुटत नाही. मग मला सांगा, वाड्याच्या पायात गाडलेल्या माणसाचं भूत कुठाय?

ही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. मुक्ता साळवे, सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांगाची पोर. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरलं जाई, असं ती त्यात सरळ सांगते. यापुढं लुचाई म्हणजे लेकराचा खेळ. पण मराठी रहस्यकादंबरीला वाड्यातलं तळघर सुचलं, तळघरातलं धन सुचलं, धनावरचा नाग सुचला. पायातला माणूस काही सुचला नाही. लेखकाची प्रेरणा तो जिथं उभा आहे तिथूनच येते, आणि माडीवरून पाया दिसत नसतो.

तो दिसायला खाली उभं राहावं लागतं. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तिथं उभे होते. त्यांची 'स्मशानातलं सोनं' वाचा. सगळा सरंजाम भयकथेचा. काळोखी रात, उकरलेली मढी, कोल्ह्यांशी झुंज. खाणीतलं काम सुटलेला भीमा प्रेताच्या तोंडातलं सोनं काढायला बोटं घालतो आणि मढ्याच्या जबड्यात बोटं अडकतात. पण गोष्टीत भूत नाही. एकही नाही. बोटं जातात, आणि मग कळतं की खाण पुन्हा चालू झाली. इथं काटा येतो तो बेकारीचा. तो पुस्तक मिटल्यावरही जात नाही.

मग भूत लिहूच नये का? इथं बुद्धाकडं जाऊ. मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. बोधी मिळण्याआधी गौतम मुद्दाम ठरावीक रात्री भयाण जागी, रानातल्या झाडांखाली जाऊन राहतो. हरण येतं, मोर काटकी मोडतो, वाऱ्यानं पाचोळा सळसळतो, आणि भीती येते. तो पळत नाही. चालत असेल तर चालतच राहतो, बसला असेल तर बसूनच राहतो, भीती निवेपर्यंत. काटकी मोडली, आता कोण आलं, हाच तर रहस्यकथेचा जीव. म्हणजे गोष्टीचा निम्मा भाग आपल्याच बाजूचा आहे, कारण 'कोण आलं?' हा शोध आहे. सवाल त्यापुढचा. लेखक वाचकाला तिथं थांबवून बघायला लावतो, की मांत्रिकाच्या पायावर नेऊन घालतो? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरच्या विश्वासाला अधम्म म्हटलं, ते याच कारणानं. त्यानं माणसाची चौकशी करण्याची वृत्ती मरते.

आणि ती मेली की काय होतं ते आपल्या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. पोरीच्या डोक्यात जट दिसली, की यल्लमानं बोलावणं धाडलं म्हणायचं. कोपाच्या भीतीनं बापानं पोर देवीला सोडायची. सोडलेल्या पोरी बहुतेक आपल्याच घरच्या. शाहू महाराजांनी १९२० साली या चालीविरुद्ध कायदा केला, तरी १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद घ्यावी लागली. न धुतलेल्या, न विंचरलेल्या केसांच्या गुंत्याभोवती कुणीतरी एक भयकथा रचली होती. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण पिढ्यान् पिढ्या ती खपली. गोष्ट निव्वळ करमणूक असते म्हणणाऱ्यांनी त्या बायांकडं बघून तसं म्हणावं.

भीतीविरुद्ध बोलणाऱ्यांचं काय झालं तेही बघा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर. १६ फेब्रुवारी २०१५ ला इथं कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, सकाळच्या उजेडात गोळ्या झाडलेले. चार दिवसांनी ते गेले. भुतांनी नाही, माणसांनी मारलं त्यांना. ना अवस होती ना पिंपळ.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. लिहा. बेलाशक लिहा. थरारून सोडा वाचकाला. गावकूस, म्हसणवट, रातचा पहारा हे सगळं दुसऱ्यांनी बाहेरून बघून वापरलं, तुमच्या घरात ते आतून माहीत आहे. वाड्याच्या पायातला माणूस उठवा. पण त्याला रक्त पिऊ देऊ नका. त्याला हिशेब विचारू द्या: मला कुणी पुरलं, कुणाच्या हुकमानं, आणि त्या वाड्यात आज कोण राहतं?