निष्काम कर्म कोणी कोणाला सांगावे?

बदलापूर-अंबरनाथहून सकाळची लोकल पकडून ठाण्याला उतरायचे आणि ट्रान्सहार्बरने ऐरोली, घणसोली गाठायची, असा कित्येक सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांचा दिनक्रम आहे. त्यांना कामात समाधान कशाने मिळते? पगार, बढती आणि अप्रेझलचे रेटिंग, हे नेहमीचे उत्तर. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये, पिट्सबर्ग भागातील सुमारे 200 अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून वेगळे मांडले: पगार किंवा वरिष्ठांचे वागणे बिघडले की माणूस नाराज होतो, पण ते सुधारले म्हणून समाधानी होतोच असे नाही, समाधान प्रत्यक्ष कामातून आणि अंगावर घेतलेल्या जबाबदारीतून येते. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, तेच मुलाखतींत उमटले, हा त्यावरचा आक्षेप वजनदार आहे. तरीही केवळ पैशाने मन भरत नाही, एवढे त्यातून नक्की उरते.

नेमका याच उरलेल्या गोष्टीचा आधार घेऊन व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत गीता सांगितली जाते: फळाकडे पाहू नका, काम करा. माझा विरोध इथे आहे. कृष्ण अर्जुनाचा धनी नव्हता, सारथी होता. अर्जुनाचे वेतन त्याच्या हाती नव्हते. फळाची आस सोडणे हा करणाऱ्याने स्वतःपुरता करायचा निश्चय आहे. पगारवाढ ज्याच्या हातात आहे त्यानेच तो उपदेश केला, तर त्यात धर्म राहत नाही, बचत तेवढी राहते. शिवाय टिळकांनी 1915 च्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाला लोकसंग्रहाची, म्हणजे लोकहिताची, जोड दिली आहे. आपल्या कामाने कोणाचे भले होते, हे कळल्याशिवाय लोकसंग्रह कसा घडणार? इथे तर स्क्रीनवर तक्रारीच्या तिकिटाचा क्रमांक येतो, बिघाड दुरुस्त होतो, तिकीट बंद होते. पलीकडे कोणाची अडचण सुटली, याचा पत्ताच नसतो.

कोणी म्हणेल, अंबरनाथचे शिवमंदिर घडवणाऱ्यांची नावे तरी कुठे उरली? शके 982 चा शिलालेख आपल्याला शिलाहार राजा मम्वाणीपर्यंत नेतो, छिन्नी धरणाऱ्यापर्यंत नाही. खरे आहे. पण वालधुनी नदीच्या काठी त्या कारागिराने कोरलेला दगड त्याच्या डोळ्यांदेखत भिंतीत बसला आणि तिथे हात जोडणारी माणसे त्याला पाहता आली. नावावाचून त्याचे भागलेही असेल. तिकिटे बंद करणाऱ्याला मात्र आपला दगड कुठे बसला हेच दिसत नाही, आणि ते दाखवणे कंपनीला अशक्य नाही: ज्यांच्यासाठी प्रणाली बनते त्यांच्याशी महिन्यातून एकदा तरी त्याचे थेट बोलणे घडवता येते.