साऱ्यांची एकच किल्ली

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले एकोडी. सारा मुलूख धानाचा. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार रंगते, रात्री नाटक उभे राहते आणि पोटापाण्यासाठी नागपूर-पुण्याला गेलेली पोरे त्या एका दिवसासाठी गाव गाठतात. अशाच एका मंडईनंतर एकोडीतल्या पाच तरुणांनी मनावर घेतले. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये करणारी म्हातारी मंडळी थकत चालली होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या या पट्ट्यातली ही कला बहुतेक एका पिढीच्या तोंडून दुसऱ्या पिढीच्या कानात उतरत आलेली. म्हणून ती नीट चित्रित करून ठेवायची असे ठरले.

कामाचा पुढारी होता त्यांच्यातला थोरला, सगळ्यांचा दादा. गावातल्या निवृत्त गुरुजींनी मागची खोली दिली. वर्गणी काढून तिथे चार डिस्कचा सर्व्हर बसवला. हिवाळाभर चित्रीकरण चालले. एक म्हातारे आबाजी उभ्या जन्मात दंडारीत बाईची भूमिका करत आलेले. त्यांच्या नुसत्या डोळ्यांच्या खुणांवर सारा फड हसायचा, रडायचा. त्यांचे खेळ पोरांनी अगदी जवळून, फोर-के कॅमेऱ्यात टिपले.

असे चित्रीकरण जागा फार खाते. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल, तर तासाभराची फाईल ४५ जीबीची होते. पोरांचे लॅपटॉप जुने. फाईल उघडली की चित्र अडकायचे. थोरल्याने त्यावर योग्य तोच उपाय केला, प्रत्येक मूळ फाईलची हलकी प्रत काढली. हिलाच प्रॉक्सी म्हणतात. सेकंदाला ५ मेगाबिटची प्रॉक्सी तासाला सव्वादोन जीबीत मावते. तिचे नाव, टाइमकोड आणि सेकंदाला किती फ्रेम हे सगळे मूळ फाईलबरहुकूम ठेवायचे. कापणी-जोडणी प्रॉक्सीवर करायची. शेवटी सिनेमा बाहेर काढताना एडिटिंगचा प्रोग्राम त्याच नावांवरून मूळ फाईल शोधतो आणि कामाला लावतो. प्रॉक्सी हरवली तरी बिघडत नाही, मूळ असले की रात्रीतून नवी काढता येते. मुळावरून प्रॉक्सी निघते, प्रॉक्सीवरून मूळ कधीच निघत नाही.

थोरल्याला हे ठाऊक होते. तरी सर्व्हरवर दोन्ही फोल्डर शेजारीशेजारी होते, दोन्हींत लिहायची-पुसायची मुभा सगळ्यांना सारखी. लॉगिनही एकच, अ‍ॅडमिन. पासवर्ड म्हणजे गावाचे नाव आणि पुढे १२३, तोही कागदावर लिहून कपाटाला चिकटवलेला. त्यांच्यातल्या, पुण्याला गेलेल्या ताईला तिकडून काम करता यावे म्हणून राउटरमधून सर्व्हरचे दार थेट इंटरनेटवर उघडून दिलेले.

त्यांच्यातला सर्वांत लहान कॉलेजात शिकत होता. तो एकदा म्हणाला, “दादा, हरेकाचं लॉगिन वेगळं करू. मूळ फायली फक्त पाहाच्या, पुसाच्या नाही, असं करता येते.”

थोरल्याला ते लागले. “आपल्याच पोरायले कुलूप? भरोसा नाही काय तुले?”

धाकटा गप्प बसला. गुरुजींनाही त्या वेळी थोरल्याचेच पटले. गावात घरोघरची दारे दिवसभर उघडी असतात, तिथे पाच मित्रांत पाच किल्ल्या कशाला?

उन्हाळ्यात एका सकाळी मूळ फायलींचे फोल्डर उघडले तर ते रिकामे होते. जागा वाचावी म्हणून सर्व्हरची कचरापेटी बंद ठेवलेली, त्यामुळे पुसलेले परत आणायची सोय नव्हती. मेमरी कार्डेही कधीच पुसून पुढच्या चित्रीकरणाला वापरलेली. सर्व्हरची नोंदवही उघडली. रात्री दोन वाजून दहा मिनिटांपासून एकेक फाईल पुसल्याची ओळ होती आणि प्रत्येक ओळीपुढे एकच नाव: अ‍ॅडमिन.

अ‍ॅडमिन म्हणजे कोण? पाचही जण.

दोन दिवसांपूर्वी धाकटा म्हणाला होता, की डिस्क भरत आली, काहीतरी कमी करावे लागेल. तेवढे वाक्य सगळ्यांना एकदम आठवले. कुणी उघड बोलले नाही, पण सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. “मी नोहो,” तो म्हणाला. “मंग कोन?” थोरल्याने विचारले. याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तो खोलीवर आला नाही. पाऊस पडला, पऱ्हे तयार झाले. दर वर्षी थोरल्याच्या आणि धाकट्याच्या घरच्या बाया रोवणीला एकाच बांधीत उतरायच्या, त्या वर्षी उतरल्या नाहीत.

रोवणी आटोपल्यावर थोरल्याने प्रॉक्सींवरून निदान काहीतरी जोडून पाहू म्हणून आपला लॅपटॉप उघडला. फायली लॅपटॉपवरून सर्व्हरवर पोचवणाऱ्या प्रोग्रामची स्वतःची एक नोंद असते. ती सहज नजरेखाली घातली आणि त्याचा हात थांबला. पुसल्याच्या शेकडो ओळी तिथे होत्या. तीच रात्र, तीच वेळ. वर नाव त्याच्याच लॅपटॉपचे.

फायली पुसल्या गेल्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने प्रॉक्सीचे फोल्डर रोज रात्री आपोआप सर्व्हरवर जावे असे लावले होते, आणि त्यात आरसा-पद्धत निवडली होती. या पद्धतीत इकडे जे असेल ते तिकडे जाते आणि इकडे जे नसेल ते तिकडूनही पुसले जाते. निवडताना त्याचे बोट एक पायरी वरच्या फोल्डरवर पडले. लॅपटॉपवर फक्त प्रॉक्सी होत्या. सर्व्हरवरच्या मूळ फायली आपल्याकडे नाहीत, एवढेच यंत्राला दिसले आणि त्याने त्या पुसल्या. थोरला तेव्हा झोपेत होता.

हे ध्यानात येताच तो उठला आणि भर दुपारी, चार माणसे ओसरीवर बसलेली असताना, धाकट्याच्या घरी गेला. “बाबू, चूक माही हाय. आन् आळ तुह्यावर मीच घेतला.”

धाकट्याचे डोळे भरून आले. “दादा, फायली गेल्या ते गेल्या. पन मी नोहो म्हनत होतो, तवा दाखवाले माह्याजवर काहीच नव्हतं.”

थोरल्याला फायलींपेक्षा हे वाक्य जड गेले. धाकट्याने वेगळे लॉगिन मागितले, तेव्हा तो अविश्वास दाखवतो आहे असे त्याला वाटले होते. प्रत्यक्षात एका सामाईक पासवर्डाने पाच मित्रांना एकमेकांवर संशय घ्यायला लावले, आणि जो निर्दोष होता त्याला निर्दोष ठरायची वाटच ठेवली नाही. नोंदवहीत थोरल्याचे नाव असते, तर चूक त्याच सकाळी सापडली असती. फायली तरीही गेल्याच असत्या, पण एका पोराची इभ्रत राहिली असती.

पुढच्या मंडईत प्रॉक्सींवरून जोडलेली दंडार पडद्यावर दाखवली. प्रॉक्सीत आवाज पुरता जपला होता, ढोलकी आणि बोल खणखणीत ऐकू आले. चित्र मात्र मोठ्या पडद्यावर विरघळत होते. बाकीच्या कलावंतांनी पुन्हा खेळ केले, पोरांनी ते पुन्हा टिपले. आबाजी मधल्या काळात वारले होते. त्यांचे बोल राहिले, डोळ्यांच्या खुणा गेल्या.

मग गुरुजींनी सगळ्यांना बसवले आणि पुण्याची हकिगत सांगितली. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या फिल्मसाठ्याला आग लागली आणि नायट्रेटवरच्या जुन्या फिल्म भस्म झाल्या. ज्या सिनेमांच्या प्रती आधीच दुसऱ्या, न पेटणाऱ्या फिल्मवर काढून वेगळ्या ठेवल्या होत्या, ते सिनेमे वाचले. “बिजाईचं धान आपन खायच्या धानात मिसरत नाही,” गुरुजी म्हणाले. “ते वेगळं ठेवतो, आन् घरात कितीही नड असली तरी त्याले हात लावत नाही.”

त्याच आठवड्यात घडी बदलली. मूळ फायलींच्या फोल्डरमध्ये भर घालायचे खाते एकच, बाकी साऱ्यांना फक्त पाहण्याची मुभा. प्रॉक्सीचे फोल्डर कामासाठी मोकळे. प्रत्येकाचे लॉगिन आपापले, पासवर्ड लांब, आणि त्याच्या जोडीला मोबाईलवर येणारा कोड. अ‍ॅडमिनचे खाते रोजच्या कामाला बंद. इंटरनेटवरचे उघडे दार मिटवून पुण्याच्या ताईला व्हीपीएनची बंदिस्त वाट दिली. २०२२ साली डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर असेच उघडे राहिलेले घरगुती सर्व्हर गाठून त्यांतल्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. एकोडीचा सर्व्हर अशा तडाख्यातून वाचला होता तो निव्वळ नशिबाने. मूळ फायलींची एक प्रत गावातच दुसऱ्या घरी आणि एक साकोलीला राहू लागली. त्या प्रतींतली एखादी फाईल अधूनमधून उघडून पाहायची, असा नेमही ठरला, कारण जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

या सगळ्याची देखरेख थोरल्याने आपणहून धाकट्याच्या हाती दिली. स्वतःच्या लॉगिनला मूळ फायली पुसायची मुभा नको, हेही त्यानेच सांगितले.

बोध: रोजच्या वापराला हलकी प्रत घ्यावी आणि मूळ तेवढे जपून वेगळे ठेवावे. ज्याला त्याला त्याची वेगळी किल्ली द्यावी. ती मित्रावरच्या अविश्वासापोटी द्यायची नसते. उद्या काही बिघडले, तर “हे मी केले नाही” असे म्हणणाऱ्याच्या हातात पुरावा असावा म्हणून ती द्यायची असते.