यंत्रांतील अंतर्यामी

पिंपरी-चिंचवड अथवा चाकण येथील कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या नव्या दुचाकीच्या मालकास ‘गाडींत गणकयंत्र आहे काय?’ असें विचारलें, तर तो बहुधा नाहीं म्हणेल. वस्तुतः इंजिनांत इंधन केव्हां व किती सोडावें, हें ठरविणारें लहानसें गणकयंत्र त्याच गाडींत अखंड राबत असतें. अशा रचनेस ‘एम्बेडेड सिस्टिम’ म्हणतात. ती कशावरून ओळखावी?

लहान आकार हें तिचें लक्षण नव्हे. दृष्टीआड असणें हेंही नव्हे. मेजाच्या खणांत ठेविलेला संगणक कांहीं मेजाचा अवयव होत नाहीं. आमच्या मतें खरें लक्षण असें कीं, तेथील गणितास स्वतःचें निराळें प्रयोजन नसतें. ज्या यंत्रांत तें वसलें, त्याचें कार्य हेंच त्याचें प्रयोजन. म्हणूनच त्यास काळाचें बंधन असतें. मोटार आदळली असतां हवेची पिशवी फुगवावी कीं नाहीं, हा निर्णय सेकंदाच्या अवघ्या कांहीं शतांशांत व्हावा लागतो. उशिरां आलेलें बिनचूक उत्तर तेथें चूकच. (भ्रमणध्वनी कोणत्या पंक्तीस बसवावा, हा वाद पंडितांनीं खुशाल घालावा. मालक त्याजवर रोज नवीं कामें चढवितो, एवढ्यावरून आम्ही त्यास या पंक्तींतून उठवितों.)

बृहदारण्यकांत याज्ञवल्क्यानें उद्दालकास सांगितलेला अंतर्यामी येथें आठवतो: आंत राहून चालविणारा, आणि ज्यास चालवितो त्यासच अज्ञात. भेद इतकाच कीं, आमच्या या अंतर्यामीच्या आज्ञा कोठल्याशा कचेरींत पगारी माणसांनीं लिहिलेल्या असतात. जेम्स वॉटनें १७८८ मध्यें वाफेच्या इंजिनास लाविलेला नियामकही वेग आपोआप आवरी; पण त्याचे फिरते गोळे कोणासही दिसत. येथें धातु तोच राहून आज्ञा तेवढ्या बदलतां येतात, आणि त्या डोळ्यांस दिसत नाहींत.

चाकणला २००९ मध्यें फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें उघड केलें कीं, या कंपनीच्या कांहीं डिझेल मोटारींतील आज्ञावली सुकाणूची स्थिति, वेग, इंजिन चालल्याचा अवधि इत्यादींवरून आपली परीक्षा चालली आहे हें ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर मर्यादेंत ठेवी. एरव्हीं रस्त्यावर नायट्रोजनचीं ऑक्साइडें मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात. त्याच डिसेंबरांत भारतांतील सुमारें ३ लक्ष २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावीत असल्याचें कंपनीनें जाहीर केलें.

येथें खोटें कोण बोललें? चालकास कांहींच ठाऊक नव्हतें, आणि गणकयंत्र सांगितलें तेंच करीत होतें. कोणी म्हणेल, भेसळ करणारा वाणी पूर्वींही होता. खरें, पण परीक्षेस घेतलेलें तूप परीक्षेपुरता आपला स्वभाव बदलीत नसे. येथें परीक्ष्य वस्तूच परीक्षकास ओळखून होती! तेव्हां गणकयंत्राबरोबर बनविणाऱ्याचा हेतुही गाडींत बसविला जातो असें मानणें प्राप्त आहे. गाडी विकली तरी तो तेथेंच राहतो, आणि त्याचें उत्तरदायित्व गिऱ्हाइकाकडे जात नाहीं.

भारतांत १ एप्रिल २०२३ पासून मोटारींच्या धुराची परीक्षा प्रत्यक्ष रस्त्यावरही घेण्याचा नियम झाला, हें योग्यच झालें. मालकास मात्र अद्याप गॅरेजवाल्याच्या स्कॅनरवरच विसंबावें लागतें. आणि त्यावर बहुतांशीं तेंच दिसतें, जें आज्ञा लिहिणाऱ्यानें दाखवावयाचें ठरविलें.