छान होतं!

धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा मेला, असं मोठ्याने सांगून पुढचा ‘हत्ती’ त्याने हळूच पुटपुटला आणि रथ खाली टेकला. ठीक आहे, तिथे राज्य पणाला लागलं होतं. पण सांबारासाठी खोटं बोलणाऱ्याचं काय करायचं, हे व्यासांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

दादर पूर्वेला पुलाच्या पायथ्याशी एक हॉटेल आहे. नाव सांगत नाही. तिथे नेमाने खाणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं. ‘पुलाखालचं’ म्हटलं की भागतं. डोसा कडेला करपलेला, मध्ये ओला. चटणीला नारळ नुसता दाखवलेला. सांबारातली शेवग्याची शेंग आधी कोणीतरी चोखून ठेवली असावी, अशी शंका येते. कॉफी मात्र गरम असते, हे कबूल केलं पाहिजे.

तरी टेबल रिकामं मिळेल तर शपथ! कारण पश्चिम आणि मध्य रेल्वे दादरला भेटतात, म्हणून विरारचा मेहुणा आणि बदलापूरचा साडूही दादरलाच भेटतात. पूल ओलांडला की 1910 साली निघालेलं मामा काण्यांचं उपाहारगृह आहे. आणखी चाललं तर शिवसेना भवनासमोर ‘आस्वाद’ आहे. त्यांच्या मिसळीचं 2015 साली थेट लंडनकरांनी कौतुक केलं. पण संध्याकाळी सातला तो पूल ओलांडायचा, म्हणजे लंडन त्या मानाने जवळ.

तेव्हा आपण पुलाखालचं खातो. उठताना मालक विचारतो, “सगळं बरं होतं ना?” आपण म्हणतो, “छान होतं!” आणि मग गाडीत बसून कल्याण येईपर्यंत त्या सांबाराचा उद्धार करतो.

तुम्ही म्हणाल, हा शिष्टाचार झाला. मला वाटतं, हा रोखीचा परिणाम आहे. लालबाग-परळच्या चाळींत बायका गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवत, त्या महिन्याच्या बोलीवर. (या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली. हे आम्ही बँकवाले जरा मोठ्याने सांगतो.) अशा खाणावळीत, “मावशी, आमटी आज विहिरीतून काढली काय?” असं ताटावरूनच विचारता यायचं. “मागची बाकी टाक, मग डाळ टाकते,” असं मावशीलाही म्हणता यायचं. दोघांचं एकमेकांकडे काहीतरी येणं होतं. पुलाखाली आपलं कोणाकडे काय येणं? पैसे मोबाईलवरून जातात, गल्ल्यावरची डबी ‘साठ रुपये प्राप्त हुए’ असं ओरडते. त्या हॉटेलात खरं बोलते ती तेवढीच.

एकदा मात्र गिरगावची आत्या बरोबर होती. तिला फणसवाडीचं पाणी आहे. मालकाने नेहमीचं विचारलं. आत्या म्हणाली, “अहो, सांबारात डाळ घालायची राहिली.”

मालक हसला. “सॉरी, आजी,” म्हणाला. मग मान वळवून आत कोणाला तरी असा काही ओरडला की शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. टेबलं पुसणारा बारा-पंधरा किलो वजनाची बादली घेऊन बाहेर आला. पोरसवदा, कान लाल झालेले. सांबाराशी त्याचा संबंध एवढाच, की सांडलं तर तो पुसायचा. आचारी आत गाणं म्हणत होता.

पुलावर आत्या चौथ्या पायरीला थांबली. दम लागला असेल, असं मला वाटलं. “त्या पोराला कशाला रे बोलला तो?” ती म्हणाली. आता याला काय उत्तर द्यायचं? खरं बोललं की ते उतरत उतरत सगळ्यांत खालच्या माणसापाशी येऊन थांबतं, हे बँकेत आम्हाला रोज दिसतं; पण ते आत्याला सांगून तिचे गुडघे काही बरे होणार नव्हते.

दिवाळीच्या खरेदीला आम्ही पुन्हा तिथेच टेकलो. पोरगा टेबल पुसत होता. मालक आला, सगळं बरं होतं ना, म्हणाला. आत्याने पोराकडे पाहिलं, सांबाराच्या वाटीकडे पाहिलं.

“कॉफी गरम होती हो,” ती म्हणाली.